बास स्वच्छच ठेवा, हा सल्ला आपल्या रेकॉर्डिंगचं नुकसान करतोय

गणपतीच्या गाण्यांची रेकॉर्डिंगं सुरू झाली की मालवण-कुडाळपासून रत्नागिरी-चिपळूणपर्यंतच्या वादकांच्या मोबाईलवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बास गिटारचा आवाज कायम स्वच्छ ठेवावा, डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम खरखरीत करणारा इफेक्ट, लावलं की खालचा भरणा जातो. लोक गाणी मोबाईलवर ऐकतात, तिथे बास कळतच नाही, तेव्हा त्यावर वेळ घालवू नये. धार हवीच असेल तर ट्रेबल वाढवावा, नाहीतर महागडा ट्यूब अँप, म्हणजे व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा अँप्लिफायर, घ्यावा. आणि आपल्या मातीतल्या गाण्यांना खरखरीत बास शोभत नाही. नवी मुलं हे वाचून बासचा ट्रॅक आला तसा मिक्समध्ये टाकतात आणि चांगला वाजवलेला बास ढोल-ताशाखाली गडप होतो. म्हणून एकेक मुद्दा तपासायला हवा.

मोबाईलपासून सुरू करतो, कारण तो मुद्दा पूर्ण उलटा आहे. बासची सगळ्यात जाड तार, ई, मोकळी वाजवली की ४१ हर्ट्‌झचा स्वर देते. मोबाईलचा इवलासा स्पीकर तिथपर्यंत उतरूच शकत नाही. पण त्याच स्वराचे ८२, १२४, १६५, २०६ असे चढत जाणारे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सोबतचे स्वर असतात, आणि त्यातले वरचे पुरेसे ऐकू आले की खालचा न वाजलेला मूळ स्वर आपला मेंदू स्वतः भरून काढतो. स्वच्छ बासमध्ये हे वरचे हार्मोनिक्स दुबळे असतात. डिस्टॉर्शन लाटेची टोकं छाटतं आणि त्या छाटण्यातूनच नवे हार्मोनिक्स तयार होतात: दोन्ही बाजू सारख्या छाटल्या तर विषम, कमीजास्त छाटल्या तर समसुद्धा. म्हणजे श्रोता मोबाईलवर ऐकतो, हे खरखर लावण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे.

खालचा भरणा जातो, यात अर्धं तथ्य आहे. गिटारसाठी बनवलेले बरेच डिस्टॉर्शन पेडल, म्हणजे पायाने चालू-बंद करायच्या इफेक्टच्या डब्या, मुद्दाम तसे आखलेले असतात. ट्यूब स्क्रीमर हा प्रसिद्ध पेडल घ्या: साधारण ७२० हर्ट्‌झच्या खाली त्याचा गेन उतरत जातो, कारण गिटारवाल्याला तिथे गिचमीड नको असते. तो थेट बासवर लावला तर भरणा जाणारच. पण पूर्ण सिग्नल त्यातून काढा, असं सांगितलंय कोणी?

डीआयमधून, म्हणजे बास थेट रेकॉर्डिंगला जोडणाऱ्या डबीतून, आलेल्या ट्रॅकच्या दोन वाटा (प्रती) करा. खालच्या वाटेवर साधारण २०० हर्ट्‌झच्या वरचं सगळं कापा, कंप्रेसर लावून आवाज एकसारखा करा आणि तिला डिस्टॉर्शनचा स्पर्शही होऊ देऊ नका. वरच्या वाटेवर २०० च्या खालचं कापा, आधी कंप्रेसर, मग डिस्टॉर्शन, आणि त्यानंतर ४-५ हजार हर्ट्‌झच्या वरचं पुन्हा कापा. हा शेवटचा फिल्टर विसरला तर माशी घोंघावल्यासारखा आवाज येतो. खऱ्या अँपमध्ये हे काम स्पीकरचा कॅबिनेट करतो.

क्रमही महत्त्वाचा. डिस्टॉर्शनच्या आधीचा ईक्यू (आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या कमीजास्त करणारा इफेक्ट) कशाची खरखर व्हावी ते ठरवतो, नंतरचा ती कशी ऐकू यावी ते. आधी ७००-८०० हर्ट्‌झ थोडं उचलून बघा, बास गुरगुरायला लागतो. दोन्ही वाटा एकत्र करताना एकीची पोलॅरिटी, म्हणजे लाटेची वर-खाली दिशा, उलटून ऐका आणि ज्यात आवाज भरीव येतो ते ठेवा. सिग्नल बाहेरच्या पेडलमधून फिरवून आणला असेल तर तो किंचित उशिरा येतो. तो ट्रॅक तेवढाच अलीकडे, म्हणजे आधीच्या वेळेला, सरकवून जुळवावा लागतो. आणि वरची वाट एकटी ऐकून निकाल देऊ नका. ती एकटी कर्कशच असते. पूर्ण गाणं चालू असताना ती हळूहळू वाढवा आणि बंद केल्यावर चुकल्यासारखं वाटेल तिथे थांबा.

ट्रेबलचं उत्तर छोटं आहे. ट्रेबल नवीन काही निर्माण करत नाही, आहे ते मोठं करतो: बोटांची घासाघीस, फ्रेटचा खडखडाट, हिस्स. किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत तारा लवकर गंजतात, मग वरचे हार्मोनिक्स उरतच नाहीत. रेकॉर्डिंगआधी नव्या तारा चढवा.

महागड्या अँपच्या मुद्द्यावर इतिहासच बोलतो. १९६१ साली गाजलेल्या एका अमेरिकन गाण्यात वादक ग्रॅडी मार्टिनच्या सहा तारी बासचा फझ, म्हणजे जाड खरखर, ऐकू येतो. तो नॅशव्हिलच्या स्टुडिओतल्या मिक्सरच्या बिघडलेल्या चॅनेलमधून आला होता. इंजिनिअर ग्लेन स्नॉडी यांनी नंतर तो आवाज देणारं सर्किट बनवलं आणि १९६२ मध्ये माएस्ट्रो फझ-टोन हा पेडल बाजारात आला. आज रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ईक्यू, कंप्रेसर, डिस्टॉर्शन सोबतच मिळतं आणि अँपची नक्कल करणारं न्यूरल अँप मॉडेलर तर फुकट आहे. प्लगिनमध्ये (अशा सॉफ्टवेअर इफेक्टमध्ये) ओव्हरसॅम्पलिंगची, म्हणजे आतल्या आत जास्त बारकाईने हिशेब करण्याची, सोय असेल तर तेवढी चालू ठेवा, नाहीतर वरच्या बाजूला बेसूर कचरा जमतो.

पैशापेक्षा आपल्याकडे खरी अडचण विजेची. डिस्टॉर्शन सिग्नलबरोबर विजेची गुणगुणही वर आणतं. ही गुणगुण ५० हर्ट्‌झची, आणि ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी आहे ४९ चा! फिल्टरने गुणगुण कापायला गेलात तर तो स्वरही जाईल. म्हणून ती मुळातच थांबवा: घराचं अर्थिंग तपासून घ्या, टेक घेताना लॅपटॉपचा चार्जर काढा, आणि वाजवणं थांबलं की आवाज बंद करणारा गेट डिस्टॉर्शनच्या आधी लावा.

राहिला मातीचा मुद्दा, आणि याचंच मला सर्वात वाईट वाटतं. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा तो झणझणीत नाद, ही खरखर नाही तर काय आहे? घोडीचा गोलसर माथा आणि त्यावरचा दोरा यांमुळे तार घोडीला घासत थरथरते, आणि म्हणून खर्जाच्या तारेतूनही वरचे स्वर झळाळून उठतात. तार छेडण्याच्या जागेमुळे जे हार्मोनिक्स उमटायलाच नकोत, तेही तंबोऱ्यात ऐकू येतात, असं सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवलं होतं. खर्ज ऐकू यावा म्हणून त्याला धार देणं आपल्या कारागिरांना इलेक्ट्रिक बासच्या कितीतरी आधी ठाऊक होतं.

प्रमाण मात्र गाण्यागणिक बदलतं. भजनात पखवाजाच्या कणीक लावलेल्या पुडीने खालची जागा घेतलेली असते, तिथे ३००-५०० हर्ट्‌झच्या आसपास मऊ छाटणी, म्हणजे हलकं डिस्टॉर्शन, पुरते, तीही गायकाचा आवाज झाकणार नाही इतकीच. शिमग्याच्या ढोलावरच्या गाण्यात बासची ओळख मधल्या पट्टीतच टिकते, तिथे वरची वाट हात न आखडता वाढवा.