मुलाला कोंडण्याची संमती कोणत्याही अर्जावर मागू नका

आज दुपारी बहिणीने एका शाळेच्या प्रवेश अर्जाचा फोटो पाठवला. फी आणि गणवेशाच्या अटींखाली, बारीक अक्षरांत, एक वाक्य आहे : ‘पाल्याचे वर्तन आटोक्यात आणण्यासाठी शाळा योग्य ती उपाययोजना करील व त्यास पालकांची हरकत राहणार नाही.’ शेजारच्या मुलीने त्याच शाळेत प्रवेश घेतला आहे आणि तिच्या अर्जात हे वाक्य नाही. ते फक्त दिव्यांग मुलांसाठी आहे. वाचल्यापासून माझे कशातही लक्ष लागलेले नाही, कारण अशी ‘योग्य ती उपाययोजना’ आमच्या घराने भोगली आहे.

माझा भाचा स्वमग्न आहे, तो बोलत नाही. आधीच्या शाळेत प्रार्थनेचा लाऊडस्पीकर सुरू झाला की तो कान दाबून जमिनीवर लोळण घेत असे. त्यावर तिथे काढलेला उपाय असा, की त्याला खेळाच्या सामानाच्या खोलीत न्यायचे आणि बाहेरून कडी लावायची. हे आम्हाला कोणी कळवले नाही. त्याच्या नखांत हिरवा रंग दिसू लागला. चित्रकलेच्या तासाचा असेल म्हणून बहीण रोज साबणाने घासायची, पण तो निघेना, कारण तो ऑइलपेंट होता. त्या खोलीच्या दारावर, आतल्या बाजूने, त्याचा हात पोचेल तिथपर्यंत रंग खरवडला गेला होता. मुख्याध्यापिका म्हणाल्या, ‘त्याच्याच सुरक्षिततेसाठी केले हो!’

मनोरुग्णालयातल्या प्रौढ माणसाला बांधायचे झाले, तर आपल्या देशात त्यासाठी नियम आहेत. २००१ साली तामिळनाडूतल्या एरवाडी येथे साखळदंडांनी जखडलेली २८ मनोरुग्ण माणसे आगीत गेली, कारण त्यांना पळताच आले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीवर बंदी घातली आणि रुग्णाला एकांतात कोंडण्यास मनाई केली. बांधायचे तर तत्काळ होणारी इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तेव्हा, मनोविकारतज्ज्ञांच्या परवानगीने, लेखी नोंद करून आणि रुग्णाच्या प्रतिनिधीला २४ तासांच्या आत कळवून. शिक्षा म्हणून बांधायचे नाही आणि कर्मचारी कमी आहेत या सबबीवरही बांधायचे नाही, हे कलम ९७ मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. शाळेतल्या मुलाला यातले काहीच लागू नाही.

शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई करते, दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ क्रूर आणि अमानुष वागणुकीपासून संरक्षण देतो, आणि शाळा शांतपणे सांगते की ही शिक्षा नव्हतीच, ही काळजी होती. सगळे घोडे इथे अडते. मुलाला कोणी धरावे, केव्हा, किती वेळ, आणि पालकांना कधी सांगावे, यावर या दोन्ही कायद्यांत एक ओळ नाही. जे मूल घरी येऊन ‘मला कोंडले होते’ असे सांगू शकत नाही, त्याच्या बाबतीत तरी नोंदवही सक्तीची नको का? आम्हाला नखे बघून शोधावे लागले, याची मला आजही चीड येते.

एका शिक्षिकेवर चाळीस मुले सोपवलेली असतात, आणि रस्त्याकडे धावणाऱ्या मुलाला घट्ट धरावेच लागते, हे मान्य. पण धरणारा माणूस मुलाजवळ असतो. कडी लावणारा निघून जातो.

त्या शाळेतल्या सेविकेबद्दल मात्र लिहिले पाहिजे. आम्हाला खरे सांगितले ते तिने, नोकरीची पर्वा न करता. प्रार्थनेच्या घंटेआधी त्याला मैदानाच्या टोकाला नेले तर तो लोळण घेत नाही, हे तिच्या लक्षात आले होते आणि तिने ते शिक्षकांना सांगूनही पाहिले होते. याला पैसे लागत नव्हते, तज्ज्ञ लागत नव्हता. मूल कशाने बिथरते हे पाहायचे आणि ते टाळायचे, एवढेच होते. तिचे ऐकले असते, तर ते दार रंगवायची वेळ शाळेवर आली नसती. हो, त्यांनी नंतर दार रंगवून घेतले. कडी तशीच आहे.

बहिणीने आज त्या वाक्यावर आडवी रेघ मारली आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिले : मुलाला कोणत्याही खोलीत एकटे बंद करणार नाही, इजा टाळण्यासाठी धरावे लागले तर त्याची वेळ आणि कारण वहीत लिहून त्याच दिवशी मला फोन करणार. सोमवारी आम्ही दोघी तो अर्ज घेऊन शाळेत जाणार आहोत. शाळेने तो नाकारला, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करू. तुमच्यापैकी कोणाच्या हाती असा अर्ज पडला असेल, तर मुलाचे नाव झाकून त्याचा फोटो मला इनबॉक्समध्ये पाठवा. तक्रारीला जोडायला जितके मिळतील तितके हवे आहेत.