आणखी एक प्लगिन टाकलं का, बाप्पा?

नागपूरच्या इतवारीतल्या एका संत्रा बर्फीवाल्या काकांची वेबसाइट माझ्या गळ्यात आहे. दर महिन्याला तोच फोन, "भाऊ, मोबाइलवर साइट उघडूनच नाही राहिली!" उघडेल कशी? त्यांच्या पुतण्याने फोटो 'फिट' करायचं नवं प्लगिन, म्हणजे साइटला जोडायचं जास्तीचं सॉफ्टवेअर, टाकलेलं असतं. आधीची दोन चालूच! अरे, ही साइट ज्यावर चालते ते वर्डप्रेस २०१५ पासून, म्हणजे ४.४ आवृत्तीपासून, एकाच फोटोचे लहानमोठे आकार एसआरसीसेटमध्ये, म्हणजे ब्राउझरसाठीच्या यादीत, स्वतःच देतं. ब्राउझर स्क्रीन पाहून हवा तो उचलतो. आणि बर्फीचा तो सहा एमबीचा बॅनर? तो सीएसएसच्या, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या कोडच्या, बॅकग्राउंडमध्ये, जिथे एसआरसीसेट लागूच होत नाही. मी काढतो, पुतण्या टाकतो. काल पुन्हा फोन. "आता तर सरकत्या फोटोंचा स्लायडरपण टाकला, तरी काहून हळू आहे?"