चादरीखालचा आवाज

सोलापुरात राहत असाल तर तुम्ही मला ऐकलेलं आहे. पाहिलेलं नसेल. सात रस्त्याला सिग्नलवर थांबला असताना शेजारच्या रिक्षावरच्या भोंग्यातून ‘या, या, या! सोलापुरी चादर, टॉवेल, बेडशीट, थेट कारखान्यातून तुमच्या घरात!’ असं कुणीतरी तुमच्या कानाशी ओरडलं असेल आणि तुम्ही मनातल्या मनात त्याच्या घराण्याचा उद्धार केला असेल, तर ते घराणं आमचं.

दिवसा मी एका शाळेत क्लार्क आहे. रात्री आवाज आहे. एका जाहिरातीचे ३०० रुपये घेतो. चादरी, उसाचा रस, शेंगाचटणी, हरवलेली म्हैस, सगळ्याला दर एकच. म्हशीच्या वेळी गळ्यात जरा कारुण्य आणावं लागतं, त्याचे वेगळे पैसे लावत नाही.

स्टुडिओ म्हणजे आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटाची आणि भिंतीची मधली अडीच फुटांची फट. तिथे दोन्ही बाजूंना जाड चादरी टांगल्यात, एक पाठीमागे, एक डोक्यावरून. दाराखालच्या फटीत टॉवेल. खोलीत घुमणारा आवाज मारायला इतर गावांत लोक फोमचे महागडे तक्ते लावतात. आपल्या गावात जन्माला येऊन फोम विकत घेणं म्हणजे पंढरपुरात तुळशीची माळ ऑनलाइन मागवण्यासारखं आहे. चादर आवाजातले बारीक सूर गिळते. खर्जाला ती जुमानत नाही, खर्ज तिच्यातून आरपार जातो. पण माझ्या आवाजात खर्ज मुळातच नाही, त्यामुळे आमचं जमतं.

अडचण एकच, मे महिना. पारा ४३ वर, पंखा बंद (पंखा लावला की माइक पंखाच ऐकतो), अंगावर चारही बाजूंनी आपल्या जिल्ह्याचं भौगोलिक मानांकन. गेल्या उन्हाळ्यात ‘थंडगार, बर्फाळ, ताजा उसाचा रस’ हे वाक्य मी चौथ्या टेकला म्हटलं तेव्हा कपाळावरचा घाम माइकच्या जाळीवर ठिबकला. तो ‘टप’ आवाज जाहिरातीत तसाच राहिला. रसवाल्याला वाटलं मी मुद्दाम घातलाय. खूश झाला.

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना डब्याला खोकला झाला.

डबा म्हणजे ऑडिओ इंटरफेस. माइकची वायर यात खुपसायची आणि याची वायर संगणकात. मधल्या मधे तो आवाजाची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजणी करून आकडे संगणकाला देतो. एवढ्या निष्ठेने आमच्या शाळेत कुणी हजेरी घेत नाही. मी तो २०१२ साली जुनाच विकत घेतला होता. आता तो अधूनमधून ‘खर्रर्र’ करायला लागला. त्यावर उपाय होता: वायर काढायची, टोकावर फुंकर घालायची, संगणकाच्या पुढच्या भोकात एकदा लावून काढायची आणि मग मागच्या खालून दुसऱ्या भोकात बसवायची. क्रम चुकला की पहिल्यापासून. बायको म्हणायची, एवढं सोवळं तर तुम्ही गौरीगणपतीला पाळत नाही.

शेवटी पुण्याच्या भाच्याला फोन केला.

‘‘मामा, तुझ्याकडे विंडोज सेव्हन आहे? अजून?’’

‘अजून’ हा शब्द त्याने असा उच्चारला, जणू मी अजून जुने कपडे देऊन बोहारणीकडून भांडी घेतो. (घेतो. तो विषय वेगळा.)

त्याने सांगितलं त्यावरून कळलं की माझ्या विंडोजला कंपनीचा असलेला आधार १४ जानेवारी २०२० लाच संपलेला आहे. म्हणजे ऐन गड्ड्यात, आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत! इकडे मी रात्री बारा-बारापर्यंत आकाशपाळण्यांच्या जाहिराती रेकॉर्ड करत होतो आणि तिकडे माझा संगणक अनाथ झाला, मला पत्ता नाही. बरं, दहा नंबरचं विंडोज घालू म्हटलं, तर त्याचेही दिवस १४ ऑक्टोबर २०२५ ला भरले. अकरा घालायचं तर इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर हवा, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय हवी. माझा प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा. आमच्या पूर्व भागात एखादा मागवाला ‘आमची तिसरी पिढी या धंद्यात’ असं छाती काढून सांगतो. संगणकाच्या धंद्यात तेच वाक्य मान खाली घालून सांगावं लागतं.

‘‘मग नुसता डबा नवा घेतो,’’ मी म्हणालो.

‘‘नवा डबा विंडोज सेव्हनवर चालणार नाही. त्याचा ड्रायव्हर नाही.’’

‘‘मग नुसता संगणक नवा घेतो.’’

‘‘जुना डबा विंडोज अकरावर चालणार नाही. त्याचाही ड्रायव्हर नाही.’’

कंपनीने डबा विकला, पण तो डबा आणि संगणक यांच्यात दुभाषाचं काम करणारी जी आज्ञावली असते ती नव्या विंडोजसाठी लिहायचं कधीच सोडून दिलं होतं. दुभाषा गेला म्हटल्यावर दोघं एकमेकांकडे नुसते बघत बसणार. आमच्या गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी माणसं नळाच्या पाण्यावरून एकमेकांशी व्यवस्थित भांडतात, कुणाला ड्रायव्हर लागत नाही. असो.

नवी पेठेत जाऊन भाव काढला. नवा इंटरफेस १३,५००. दुकानदार म्हणाला, एवढा चांगला इंटरफेस घेऊन त्याला तो जुना माइक लावणार? मला एकदम लाज वाटली. कंडेन्सर माइक ८,०००. संगणक ३७,०००. एकूण ५८,५००. मी तिथेच काउंटरवर बोटं मोजली: ३०० ने भागले की १९५ जाहिराती. वर्षाला माझ्या चाळीसेक होतात. म्हणजे पाच वर्षं मी फक्त संगणकासाठी ‘या, या, या’ करायचं आणि पैसे फिटले त्या महिन्यात भाच्याचा फोन येणार, ‘‘मामा, तुझ्याकडे विंडोज अकरा आहे? अजून?’’

मोती तर नाकापेक्षा जड होताच. इथे नाकच नवं बसवायचं होतं.

पण डोक्यात किडा शिरला होता. भजनी मंडळात तबला वाजवणारा माझा मित्र हल्ली घरी रेकॉर्डिंग करतो. तो म्हणाला, ‘‘काय करलालास बे? अजून त्या डब्यावर? घे माझा, दोन रात्री वापरून बघ.’’ त्याने नवा इंटरफेस आणि कंडेन्सर माइक माझ्या हातात ठेवला तेव्हा मला पहिल्यांदा आपल्या पोटच्या डब्याबद्दल परकेपणा वाटला.

या माइकला वीज लागते. इंटरफेसवरचं बटण दाबलं की ४८ व्होल्ट माइकच्याच वायरीतून उलटे वर चढतात. वेगळी वायर दिसत नाही, म्हणून त्याला फँटम पॉवर म्हणतात. फँटम म्हणजे भूत, असं मी कौतुकाने घरात सांगितलं. बायकोने कॅलेंडर बघितलं. अमावस्या नव्हती, म्हणून परवानगी मिळाली.

माझ्या संगणकाला जोडला. दिवा लागला. संगणक म्हणाला, हे कोण? दोन तास मी इंटरनेटवरून काय काय उतरवलं, चालू-बंद केलं, फुंकरसुद्धा घातली. दारात भोंगेवाले मामा जाहिरात न्यायला येऊन बसले होते. चहाचा दुसरा कप झाला तेव्हा त्यांनी विचारलं, ‘‘काय झालं सायेब?’’

‘‘ड्रायव्हर मिळत नाही, मामा.’’

‘‘म्या हाय की,’’ ते उठून उभेच राहिले. ‘‘कुठं जायचंय?’’

मग मुलीचा लॅपटॉप. तिची परीक्षा, त्यामुळे लॅपटॉप रात्री अकरा ते एक. त्याच्यावर ड्रायव्हर पहिल्या झटक्यात बसला. मी चादरीत शिरलो, हेडफोन चढवले आणि म्हणालो, ‘‘या!’’ कानात काही नाही. मग, ‘‘या!’’ मी पुन्हा म्हणालो, ‘‘या, या!’’ मागून कुणीतरी, ‘‘या, या!’’ आपल्यामागे एक मंद पण प्रामाणिक माणूस उभा राहून आपली नक्कल करतोय असं वाटलं. पुढचं वाक्य बोलताना माझी जीभ त्याच्यासाठी थांबायला लागली. भाच्याला विचारलं. म्हणाला, बफर कमी कर, म्हणजे संगणक आवाज आधी साठवून मग सोडतो, तो साठा. १०२४ चा १२८ केला. आवाज वेळेवर यायला लागला आणि त्याच्यासोबत आलं ‘खर्रर्र’. तेच. माझं. ५८,५०० च्या वाटेवर मला माझाच खोकला पुन्हा भेटला. २५६ वर आणल्यावर तो थांबला, तोपर्यंत साडेबारा वाजले होते.

आणि मग मी पहिल्यांदा माझं घर ऐकलं.

जुना माइक समोरच्या माणसाचं ऐकायचा, बाकीच्यांचं सोडून द्यायचा. संसारी माइक होता. हा नवा म्हणजे दुपारी जिन्यात बसणारी शेजारीण. स्वयंपाकघरातला फ्रिज, पलीकडच्या खोलीतलं घड्याळ, माझं गिळणं, माझ्या पोटातली रात्रीची कडक भाकरी. विजेची ती मंद ५० हर्ट्झची ‘हूं’. मागच्या गल्लीतले माग रात्रपाळीत चालू होते, त्यांची खटखट इतकी स्वच्छ की धोटा कुठल्या टोकाला पोचला ते सांगता येईल. ‘टॉवेल, बेडशीट’ म्हणत असताना शेजारच्या मावशींनी तेलुगूत नातवाला दार लावायला सांगितलं, तेही आलं. आणि ‘थेट कारखान्यातून’ या शब्दांवर कोपऱ्यावरचं कुत्रं एकदा, नेमकं एकदाच, भुंकलं.

घामाने भिजून बाहेर आलो. मुलगी लॅपटॉपसाठी दारात उभी. दुसरा टेक घेणं शक्य नव्हतं.

सकाळी पार्क चौकात मी भोंगेवाल्या मामांना दोन्ही फायली दिल्या, एक जुन्या डब्यावरची, एक नवी. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट करून पाठवलं तर आवाज दाबला जातो, म्हणून मुद्दाम पेन ड्राइव्हवर नेल्या. माझी छाती धडधडत होती. मामांनी जुनी लावली. ‘या, या, या!’ एका स्कूटरवाल्याने आमच्या घराण्याचा उद्धार केला. मग नवी लावली.

भोंगा हा प्राणी विचित्र आहे. तो खालचे सूर सोडतो, वरचे सोडतो, मधला चिमूटभर तेवढा घेतो आणि तो जगाच्या अंगावर फेकतो. फ्रिज गेला, घड्याळ गेलं, ती हूं गेली, माझ्या आवाजाचा मखमली पोत, जो मी रात्री हेडफोनमध्ये तीन वेळा डोळे मिटून ऐकला होता, तोही गेला. दोन्हीत मी अगदी तसाच, पत्र्याच्या डब्यात कोंडल्यासारखा.

‘‘दुसरं ठिवा,’’ मामा म्हणाले.

माझे डोळे भरून आले. ‘‘आवाज भरीव आलाय ना?’’

‘‘न्हाई वो. आवाज तर त्योच हाय. पन मधी ते कुत्रं भुकतंय की. बगा, त्यो माणूस वळला का न्हाई?’’ खरंच वळला होता. ‘थेट कारखान्यातून’ला आणखी दोघं वळले. मामांनी फाइल पुन्हा पहिल्यापासून लावली. ‘‘पुढच्या टायमाला कुत्र्याला जरा जवळ घ्या.’’

मित्राचा इंटरफेस परत केला. जुन्या डब्याला फुंकर घालून मागच्या खालून दुसऱ्या भोकात बसवलं आहे. नव्या सामानात सध्या १० रुपयांचा बिस्किटाचा पुडा तेवढा आणलाय. पण कुत्रं कपाटापर्यंत येतं, चादर बघितली की मागे फिरतं.