मेणबत्ती, पेला आणि गुरुजींचे प्रशिक्षण

आमच्या तालुक्याच्या गावात नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या वळणावर पिंपळाचा पार आहे, आणि रविवारी संध्याकाळी तिथे आम्ही चौघे हमखास भेटतो. अण्णा केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे आसपासच्या काही शाळांच्या गटाचे (केंद्राचे) प्रमुख म्हणून, निवृत्त झाले आहेत. बाई सात किलोमीटरवरच्या एका वाडीत जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत पहिली ते पाचवीला शिकवतात. दादा पुण्यात अभियंता आहे आणि त्याच्या कंपनीच्या सामाजिक निधीतून शाळांना साहित्य देण्याचे काम त्याच्याकडे असते. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणजे बाईंसारख्यांच्या हाताखालून गेलेली मुले पुढे माझ्या वर्गात येतात. गेल्या रविवारी वादाला तोंड फुटले ते दादामुळे. दोन वर्षांपूर्वी ज्या शाळेला त्यांनी विज्ञानपेटी दिली होती, त्या शाळेत तो सकाळी जाऊन आला होता आणि पेटी कपाटावर जशीच्या तशी ठेवलेली होती. आतल्या भिंगांवरचा कागदसुद्धा कोणी काढलेला नव्हता.

"स्टेम, स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित) म्हणून सगळे बोलतात, पण प्राथमिक शिक्षकालाच विज्ञानाची गोडी नसेल तर साहित्य देऊन काय उपयोग?" असे दादाचे म्हणणे होते. शिक्षकांची विषयज्ञानाची परीक्षा घ्यावी आणि जे नापास होतील त्यांना सक्तीने प्रशिक्षणाला बसवावे, इथपर्यंत तो गेला.

बाई शांतपणे म्हणाल्या, "दादा, पेटी शाळेत आली की पहिल्यांदा कुठे जाते, ठाऊक आहे का? जडवस्तू संग्रह नोंदवहीत. त्यातले भिंग फुटले, थर्मामीटर तडकला, तर ती वस्तू नोंदवहीतून कमी करण्यासाठी निर्लेखनाचा प्रस्ताव करावा लागतो. बदलीच्या वेळी पदभार देताना एकेक वस्तू मोजून द्यावी लागते. पाचवीतल्या पोराच्या हातात भिंग दिले तर ते कधी ना कधी पडणारच, आणि पडले नाही तर त्याने ते नीट हाताळलेच नाही असे मी म्हणेन. अशा वेळी पेटी बंद ठेवणारा शिक्षक आळशी नसतो, तो घाबरलेला असतो."

दादाला हे नवीन होते. कंपनीने पेटीची पोच घेताना शाळेचा शिक्का मागितला होता, त्या शिक्क्यामागे एवढी साखळी असेल याची त्याला कल्पना नव्हती. बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. टॉर्चचा जुना, तारेचा बल्ब आता तालुक्याच्या बाजारात सहज मिळत नाही. दुकानदार एलईडी देतो. हौसेने त्यांनी एक सेल, दोन वायरी आणि एलईडी घेऊन मुलांसमोर मांडणी केली, पण दिवा काही लागला नाही. दीड व्होल्टच्या एका सेलवर एलईडी लागत नाही, किमान दोन सेल लागतात, आणि ते उलटे जोडले तर दोन सेलांवरही तो पेटत नाही, हे त्यांना कुठल्याही प्रशिक्षणात कोणी सांगितलेले नव्हते. "वर्गात तीस डोळे माझ्याकडे पाहत होते," त्या म्हणाल्या, "आणि पुढचे सहा महिने मी पेटीला हात लावला नाही."

मला हे फार महत्त्वाचे वाटते. प्राथमिक शिक्षक मराठी, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास, चित्रकला आणि कवायत असे सगळे शिकवतो, आणि द्विशिक्षकी शाळेत एका वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळतो. बारावी कला शाखेतून करून पुढे डी.एड. केलेल्या शिक्षकाचा विज्ञानाशी शेवटचा संबंध दहावीत आलेला असतो. त्याला विज्ञान येत नाही असे म्हणणे सोपे आहे, पण फसलेला प्रयोग घेऊन जायला त्याच्याजवळ एकही माणूस नसतो, ही खरी अडचण आहे.

दादा म्हणाला, "मग प्रशिक्षणे कशासाठी होतात?"

यावर अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी जे सांगितले ते मी शक्य तितके त्यांच्याच शब्दांत देतो. "राज्यस्तरावर साधन व्यक्ती, म्हणजे इतरांना प्रशिक्षण देणारी माणसे, तयार होतात, त्या जिल्ह्याला शिकवतात, जिल्ह्याचे तालुक्याला आणि तालुक्याचे केंद्राला. वर पाच दिवसांचे असलेले प्रशिक्षण खाली दीड दिवसाचे होते. वर प्रयोग केलेला असतो, जिल्ह्याला तो दाखवलेला असतो, तालुक्याला त्याचे चित्र असते आणि केंद्रावर त्याचे फक्त नाव उरते. पण याहून वाईट म्हणजे चूकही तशीच्या तशी खाली येते. पेटती मेणबत्ती पाण्याच्या ताटलीत ठेवून तिच्यावर पेला पालथा घातला की पाणी वर चढते. हा प्रयोग मी किती प्रशिक्षणांत दाखवला, त्याची गणती नाही. ऑक्सिजन जळून संपला, हवेत तो एक पंचमांश असतो, म्हणून पाणी एक पंचमांश चढले, असे मी सांगत आलो. मला तसेच शिकवले होते आणि माझ्याकडून शेकडो शिक्षक तसेच शिकून गेले."

हे चुकीचे असल्याचे बाईंच्या शाळेत उघड झाले. वाऱ्याने मेणबत्ती विझत होती म्हणून त्यांनी एकीऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या, तर पाणी पहिल्यापेक्षा बरेच वर चढले. पेला तोच, त्यातली हवा तेवढीच, मग ऑक्सिजनही तेवढाच. तरी पाणी जास्त का चढले, हे मुलांनी विचारले आणि बाईंना उत्तर देता येईना. त्यांनी अण्णांना फोन केला, अण्णांनी मला केला, आणि आम्ही तिघांनी माझ्या शाळेच्या प्रयोगशाळेत एक अख्खी दुपार तोच प्रयोग पुन्हा पुन्हा केला. नीट पाहिले तर ज्योत जळत असताना पाणी फारसे हलत नाही. ते झपाट्याने चढते ते ज्योत विझल्यानंतर. ज्योतीने तापलेली हवा फुगलेली असते, सुरुवातीला तिचे काही बुडबुडे पेल्याच्या काठाखालून बाहेरही पडतात, आणि ज्योत विझल्यावर आतली हवा निवून आकसते, तेव्हा बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. तीन मेणबत्त्यांनी हवा अधिक तापते, म्हणून पाणी अधिक चढते. ऑक्सिजन पूर्ण संपतही नाही, आणि जो वापरला जातो त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. ती दुपार हे माझ्या वीस वर्षांच्या नोकरीतले सर्वांत चांगले प्रशिक्षण होते, असे मी मनापासून म्हणतो, आणि तिची नोंद कोणत्याही हजेरीपत्रकावर नाही.

दादाने लगेच मुद्दा पकडला. साखळीत चूक शिरत असेल तर साखळीच नको. तज्ज्ञाने एकदा बोलावे आणि ते चित्रफितीतून प्रत्येक शिक्षकापर्यंत थेट जावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तासांचा सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास करावा अशी अपेक्षा आहे, दीक्षासारखे सरकारी ऑनलाइन व्यासपीठ २०१७ पासून आहे, मग अडते कुठे, असे त्याने विचारले.

बाईंनी चित्रफितींना नावे ठेवली नाहीत. अरविंद गुप्ता यांच्या टाकाऊतून खेळण्यांच्या चित्रफिती पाहूनच त्यांनी काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी वापरून त्रिकोण आणि चौकोन करायला शिकवले होते. चौकोन बोटाने ढकलला की कलंडतो आणि त्रिकोण जागचा हलत नाही, हे हाताला कळल्यावर मुलांनी शाळेच्या पत्र्याला आधार देणाऱ्या कैच्यांतले त्रिकोण स्वतःहून मोजले होते. "पण चित्रफितीला माझा एलईडी का लागला नाही हे विचारता येत नाही," त्या म्हणाल्या. "आणि तासांचे म्हणाल, तर मी एक ऑनलाइन अभ्यासक्रम रात्री स्वयंपाक आवरल्यावर पूर्ण केला. प्रश्नांची उत्तरे आमच्या गटावर आधीच फिरत होती. प्रमाणपत्र मिळाले, तास भरले. दुसऱ्या दिवशी वर्गात मी कालचीच होते."

शाळांत प्रयोग आणि जोडणीसाठी खोली उभारून देणाऱ्या केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅबचा विषयही निघाला, पण तो फार टिकला नाही. २० लाख रुपयांपर्यंतचे अनुदान असलेली ती योजना सहावी ते बारावीसाठी आहे. ज्या वयात मूल दर मिनिटाला प्रश्न विचारते, त्या पहिली ते पाचवीच्या वाट्याला तिच्यातून काहीच येत नाही.

मी होशंगाबादचे उदाहरण काढले. मध्य प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ शाळांतून विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला, पुढे १९८२ पासून एकलव्य संस्थेने तो सांभाळला, आणि तो सुमारे हजार शाळांपर्यंत पोहोचला. उन्हाळ्यात तीन-तीन आठवड्यांच्या शिबिरांत शिक्षक स्वतः विद्यार्थ्यांसारखे गटात बसून तेच प्रयोग करत, जे पुढे वर्गात व्हायचे होते. त्यानंतर दर महिन्याला गोष्ठी, म्हणजे शिक्षकांची बैठक, होई, तीत कोणाचा प्रयोग फसला आणि का, हे बोलले जाई. आणि अनुवर्तनासाठी, म्हणजे पुढे कसे चालले आहे ते पाहायला, माणसे शाळेत येऊन वर्गात बसत. मुलांच्या पत्रांना 'सवालीराम' या नावाने उत्तरे जात. साहित्य स्वस्त असे, फुटले तर पुन्हा मिळेल असे. यातले मला सर्वांत मोलाचे वाटते ते म्हणजे शिबिरानंतरचे महिने. शिकवून मोकळे न होता शिक्षकाच्या वर्गापर्यंत परत जाणे, हे त्या कार्यक्रमाने केले.

अण्णांना हे पटले नाही. "तो कार्यक्रम सहावी ते आठवीचा होता, आणि २००२ साली राज्य सरकारने तो बंद केला, हेही सांगा," ते म्हणाले. "ज्याच्यामागे विद्यापीठांतले शास्त्रज्ञ उभे होते ते तीस वर्षांत टिकले नाही, तर आमच्या केंद्रावर कोण उभा राहणार?" मी म्हणालो की बंद झाला म्हणजे फसला असे होत नाही, आणि शास्त्रज्ञच हवेत असे तर मुळीच नाही. १९७४ साली सुरू झालेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मुंबईत मानखुर्दला आहे, पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करते आहे; त्यांचे साहित्य घ्यावेच. पण वाडीवरच्या शिक्षकाला दर महिन्याला गाठता येईल असा माणूस दहा-पंधरा किलोमीटरच्या आतलाच असायला हवा, आणि तो माझ्यासारखा साधा माध्यमिक शिक्षकही असू शकतो.

त्यासाठी मी डिसेंबरमधला आमचा स्वतःचा अनुभव सांगितला. पंधरा प्राथमिक शिक्षक सुट्टीच्या दिवशी आपणहून जमले होते. मैदानात एक मीटरची काठी सरळ रोवली आणि साडेअकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा, एवढेच काम. सुरू करण्याआधी मी विचारले, तेव्हा बहुतेकांनी ठामपणे सांगितले की बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. बारा वाजले, सावली चांगली लांबलचक होती आणि अजून आखूडच होत होती. सर्वांत आखूड झाली ती साडेबाराच्या सुमारास, आणि तेव्हाही ती सुमारे ८६ सेंटिमीटर भरली. एक गुरुजी दोनदा घड्याळ तपासून आले. मग प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि आपण ७४ अंशांच्या आसपास, म्हणून आपली मध्यान्ह अर्ध्या तासाने उशिरा, हे त्यांनीच एकमेकांत बोलून काढले. सावली खरोखर नाहीशी कधी होते, हा प्रश्न त्यातूनच आला. आमच्या अक्षांशावर ती वर्षातून दोनच दिवस होते, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. मेमध्ये शाळेला सुट्टी असते आणि ऑगस्टमध्ये आभाळ भरलेले असते, त्यामुळे वर्षानुवर्षे हे शिकवूनही त्यांच्यापैकी कोणी ते पाहिलेले नव्हते.

अण्णा ऐकत होते. मग तेच म्हणाले की केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्याला होतेच, नवीन काही काढायला नको. परिपत्रकांचे वाचन अर्ध्या तासात आटोपावे आणि उरलेल्या वेळात एक खरा पाठ, खऱ्या मुलांसमोर व्हावा. जपानमधले शिक्षक असे करतात हे त्यांनी वाचले होते: एकाचा पाठ बाकीचे वर्गात बसून पाहतात आणि नंतर शिक्षकाविषयी न बोलता पाठाविषयी बोलतात. दादाला शंका होती की आपल्याकडे सहकाऱ्यांसमोर फसायला कोणी तयार होणार नाही. ती रास्त आहे, आणि तिचे उत्तर आमच्यापैकी कोणाजवळ नव्हते.

दादाने शेवटी विचारले की पुढच्या वर्षी पेटीऐवजी काय पाठवू. बाईंनी त्याच्याच वहीत लिहून दिले: सेल, सेलचे होल्डर, तारेचे बल्ब मिळतील तिथून शोधून, चुंबक, प्लॅस्टिकची भिंगे, साध्या मेणबत्त्या, सगळे वापरून संपणाऱ्या वस्तूंमध्ये दाखवलेले, आणि सोबत कंपनीचे एक पत्र, की या वस्तू मुलांच्या हातात फुटल्या तरी चालतील. तसे पत्र कंपनी देईल का, हे त्याला सांगता येईना, पण विचारतो म्हणाला. पुढच्या महिन्याच्या परिषदेत पाठ कोणी घ्यायचा, यावर मात्र बराच वेळ कोणी बोलेना.

"पहिला पाठ मी घेते, मेणबत्तीचाच," बाई म्हणाल्या. "अण्णा, तुम्ही आणि सर मागे बसा. फक्त वहीत माझे काय चुकले ते लिहू नका, मुले आपसांत काय बोलतात ते लिहा."