मायक्रोआरएनए दिले की नवे रक्त तयार?

मायक्रोआरएनए म्हणजे जनुकांचे काम कमी-जास्त करणारे आरएनएचे छोटे तुकडे. त्यांच्या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन यांना २०२४चे नोबेल मिळाले. त्याचा हवाला देऊन एक दावा फिरतो आहे: मायक्रोआरएनए म्हणजे रक्ताच्या मूळपेशींचे (ज्यांपासून सगळ्या रक्तपेशी बनतात) बटण, दाबले की मूळपेशी वाढतात, सिकलसेल-थॅलेसेमियाला बोनमॅरो प्रत्यारोपण लागत नाही, ते आहारातून मिळते आणि रक्ततपासणीत मोजता येते. मूळपेशींत मायक्रोआरएनए काम करतात, एवढेच यात खरे आहे.

‘बटण आहे.’ साधारण २२ अक्षरांचा हा आरएनए आर्गोनॉट प्रथिनात बसतो. त्याची २ ते ८ क्रमांकांची अक्षरे ज्या संदेशवाहक आरएनएशी (प्रथिन बनवण्यासाठी जनुकाचा निरोप नेणाऱ्या आरएनएशी) जुळतील, त्यापासून प्रथिन बनणे मंदावते किंवा तो संदेशच लवकर मोडीत निघतो. इतकी छोटी जुळणी शेकडो जनुकांत सापडते. मिर-२२३ हा पांढऱ्या पेशींच्या न्यूट्रोफिल शाखेतला ठळक मायक्रोआरएनए. बटण असता, तर तो काढलेल्या उंदरांत न्यूट्रोफिल उरलेच नसते. २००८मध्ये दिसले उलटेच: न्यूट्रोफिल वाढले, शिवाय जास्त चिडखोर झाले. त्याच पेशींतली प्रथिने मोजली, तर बदल शेकडो प्रथिनांत, पण प्रत्येकात थोडाथोडा. बहुतेकांत दुप्पटही नाही. पंख्याचा रेग्युलेटर म्हणा हवे तर.

वाढीच्या टप्प्यांतही तेच. गर्भाच्या यकृतातल्या मूळपेशींत लिन२८बी हे प्रथिन लेट-७ या मायक्रोआरएनएला पक्व होऊ देत नाही, म्हणून लेट-७ ज्याला दाबतो ते एचएमजीए२ हे प्रथिन भरपूर राहते आणि पेशी झपाट्याने स्वतःची संख्या वाढवतात. पुढे लिन२८बी ओसरते, लेट-७ वाढते आणि मूळपेशी प्रौढ वळणावर येतात. एकाच धाग्याचे हे ताणणे-सैल सोडणे आहे. त्यात ‘चालू-बंद’ कुठेच नाही.

‘जितके जास्त तितके चांगले.’ सर्वांत धोकादायक मुद्दा हाच. मिर-१२५ए वाढवल्यावर उंदरांत मूळपेशी खरोखर कित्येक पटींनी वाढल्या, कारण पेशीमृत्यू घडवणारी जनुके दबली. पण त्याच कुटुंबातला मिर-१२५बी जास्त मात्रेत दिल्यावर उंदरांना जीवघेणा ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) झाला. मरायला हवी ती पेशीही मग मरत नाही! मिर-१२६ची गंमत वेगळी: निरोगी मूळपेशींत तो कमी केला की पेशी वाढतात, ल्युकेमियाच्या मूळपेशींत कमी केला की घटतात. मात्रा आणि पेशी न सांगता ‘वाढवा’ म्हणण्याला अर्थच नाही.

‘प्रत्यारोपण नको.’ विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलची कुटुंबे आहेत. अशा भरवशावर सिकलसेलचे हायड्रॉक्सियुरिया हे औषध बंद केले तर नुकसान त्यांचे. या दाव्याच्या सर्वांत जवळ जाणारे खरे काम असे: गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन बंद ठेवणाऱ्या बीसीएल११ए या जनुकाला दाबणारा आरएनए मिर-२२३च्या सांगाड्यात बसवला आणि तो फक्त तांबड्या पेशींच्या वंशात चालेल अशी सोय केली. २०२१मध्ये सहा सिकलसेल रुग्णांचे निष्कर्ष आले. गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढले होते. पण त्यासाठी रुग्णाच्याच मूळपेशी काढल्या, लेंटिव्हायरस या वाहक विषाणूने त्यांत जनुक घातले, बुसल्फान या केमोथेरपीच्या औषधाने बोनमॅरो रिकामा केला आणि मग त्या परत सोडल्या. म्हणजे हेही प्रत्यारोपणच. दाता मात्र रुग्ण स्वतः.

‘आहारातून मिळते.’ भातातला मिर-१६८ए खाणाऱ्याच्या रक्तात पोहोचून यकृतातले जनुक दाबतो, असे २०१२मध्ये छापून आले होते. इतरांनी पडताळले, तेव्हा ते टिकले नाही.

‘रक्ततपासणीत कळते.’ मूळपेशी असतात बोनमॅरोत, तेही अगदी तुरळक. प्लाझ्मातले (रक्तपेशी वगळून उरणाऱ्या द्रवातले) मायक्रोआरएनए येतात मुख्यतः प्लेटलेट आणि इतर रक्तपेशींतून. त्यात तांबड्या पेशी मिर-४५१ने गच्च भरलेल्या. नमुना घेताना थोड्या फुटल्या तरी आकडा उसळतो. म्हणून प्रयोगशाळेत पेशी फुटल्या तरी फारसा न बदलणारा मिर-२३ए आणि मिर-४५१ यांच्या पीसीआर (आरएनए-डीएनएच्या प्रती वाढवून मोजण्याची पद्धत) चक्रांतला फरक पाहतात. तो ७च्या वर गेला की नमुना संशयास्पद. रक्त गोठू नये म्हणून हेपरिन घातलेली नळी वापरली तर पीसीआरच अडते, त्याऐवजी ईडीटीए घातलेली लागते. हे सगळे काटेकोर केले तरी हाती येते ती प्लाझ्माची बातमी, मूळपेशींची नव्हे.