रक्तपेढी रिकामी कशी ठेवावी

परवा मावशीच्या प्लेटलेट बारा हजारावर आल्या. धावत रक्तपेढीत गेले, तर काउंटरवरचा माणूस शांतपणे म्हणाला, "होत्या की, काल एक्सपायर झाल्या." गेल्या आठवड्यात रक्तदानाचं महाशिबिर झालं होतं ना! तर तिथून जे ज्ञान मिळालं ते फुकटात वाटते, घ्या.

सगळ्यात आधी, शिबिर घ्यायचं तर एकदाच आणि दणक्यात. तुम्हाला किती पिशव्या झेपतील, साठा कशाचा कमी आहे, असलं रक्तपेढीला अजिबात विचारायचं नाही. लाल पेशी फ्रीजमध्ये 35 ते 42 दिवस टिकतात पण प्लेटलेट 20 ते 24 अंशावर सतत हलत्या ठेवूनही जेमतेम 5 दिवस, हे पिशवीवर लिहिलेलं असलं तरी बॅनरवर कुठे असतं? बॅनरवर असतो आकडा, तो मोठा पाहिजे, मग निम्म्या प्लेटलेट कचऱ्यात जाऊ देत, आणि ज्यांनी रक्त दिलं ते सगळे एकदम तीन-चार महिन्यांसाठी बाद, म्हणजे पुढे गरज पडली की फोन करायला माणूसच उरत नाही, वा, काय ते नियोजन!

रक्त देण्याआधी भरायच्या फॉर्मवर सगळीकडे 'नाही' लिहा. टॅटू नाही, कावीळ नाही, गोळ्या नाहीत.

डॉक्टरलोक, ऑपरेशनला एक पिशवी लागणार असेल तर चार क्रॉसमॅच करून, म्हणजे पेशंटच्या रक्ताशी जुळवून, अडवून ठेवा. असू देत.

रक्ताचा मेसेज फॉरवर्ड करताना तारीख काढून टाका, त्याने सस्पेन्स राहतो.

पिशवी वॉर्डात पोचली की टेबलावर ठेवा आणि चहाला जा. फ्रीजमधून काढल्यावर अर्ध्या तासात चढवायला घ्या नाहीतर परत पाठवा म्हणतात, पण म्हणणारे काहीही म्हणतात.

आणि फॉर्मचं हसण्यावारी नेऊ नका हो. "टेस्ट करतातच ना" म्हणे! नुकती लागण झालेली असली तर काही दिवस ती टेस्टमध्ये सापडतच नाही, एवढं साधं कळत नाही का? तेवढ्या दिवसांत तुमच्या खऱ्या उत्तराशिवाय दुसरी चाळणीच नाहीये. लाज वाटते म्हणून खोटं लिहिताय आणि तुमच्या एका पिशवीचे घटक वेगळे करून तीन पेशंटना जातायत. नसेल सांगायचं तर घरी बसा, कोणी जबरदस्ती केलीय? आणि शिबिरवाल्यांनो, मेले ते आकडे, आधी रक्तपेढीला फोन करा आणि शंभर जणांना एका दिवशी बोलावण्यापेक्षा दर आठवड्याला दहा जण पाठवा.

मावशी घरी आली, बरी आहे. तिच्यासाठी टाकलेला मेसेज अजून फिरतोय, काल रात्री अडीचला फोन आला, "ताई, प्लेटलेट हव्यात का अजून?"