पैसे सरकारचे, मग विचारायचं कुणी?

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या ग्रुपवर एका पंचाने, म्हणजे पंचायत सदस्याने, लिहिलं, 'गाव सोडून गेलेल्यांनी इंग्लंडात बसून हिशेब मागू नयेत. पैसे सरकारचे आहेत, कुणाच्या घरचे नाहीत.' प्रश्न साधा होता : वाड्यावरच्या गटाराचं एकच काम दोनदा कसं दाखवलं? विचारला चुलतभावाने, टोमणा मला. (पोर्टलवरचा फोटो त्याला मीच पाठवला होता, ते सोडा.)

'पैसे सरकारचे' हे डोक्यात गेलं. २०२१ ते २०२६ या काळात पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीने केंद्राकडून पंचायतींना येणाऱ्या निधीतले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले होते. उरलेले ४० टक्के कशावर घालायचे ते गावाने ठरवायचं होतं. ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर पंचायतीचा आराखडा मला इंग्लंडातल्या स्विंडनमध्ये दिसतो, पंचायतघरासमोर राहणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. ग्रामसभा रविवारी, म्हणजे ऐन नुस्त्याच्या, मासळीच्या वेळेला. सचिव मागचं इतिवृत्त पुटपुटतो, माणसं सही करून बाजार गाठतात. आणि हीच माणसं देवळात महाजनांच्या (देवस्थानच्या सभासदांच्या) सभेला पावणीत, म्हणजे लिलावात, केळीचा घड कितीला गेला यावर अर्धा तास भांडतात! तिथे पैसे आपले वाटतात ना.

इथे पॅरिशचा, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीचा, कराचा वाटा (प्रीसेप्ट) काउन्सिल टॅक्सच्या, म्हणजे इथल्या घरपट्टीच्या, बिलावर वेगळ्या ओळीत छापून येतो, म्हणून माणूस चिडतो, आणि चिडला की विचारतो. उन्हाळ्यात ३० कामकाजाचे दिवस पॅरिशची हिशेबाची वही, बिलं, पावत्या उघडून बघता येतात. सभेला चार म्हातारे आणि एक कुत्रा असतो, पण ते मी ग्रुपवर कशाला लिहू?

पंचाचा वार लागला तो वेगळ्याच ठिकाणी. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला, मतदार यादीतलं नाव गेलं, त्याबरोबर ग्रामसभाही गेली. माहितीचा अधिकार नागरिकांनाच, तेव्हा दहा रुपयांचा अर्जसुद्धा चुलतभावाच्या नावाने. त्याच पासपोर्टवर इथल्या पॅरिशला मत देतो, जिथल्या बागेतली झाडं कुणी लावली हेही मला ठाऊक नाही. गावची घरपट्टी मात्र अजून माझ्याच नावाने फाटते. ती घेताना पासपोर्ट कुणी बघितला नाही.

सुट्टीत ग्रामसभा आली की मी चुलतभावाच्या मागच्या खुर्चीवर बसतो. प्रश्न मी कुजबुजतो, तो मोठ्याने विचारतो, आणि उत्तर देताना सचिव बघतो माझ्याकडेच.